डॉक्टरबाईंचे बारा प्रश्न

"कपडे स्वतःचे स्वतः घालतात का? बटणं वगैरे लावता येतात?" डॉक्टरबाईंनी फोनवर विचारलं.

"बटणांचा काही त्रास नाही हो," मी म्हटलं.

आता हे खोटं होतं का? गळ्याशपथ सांगते, तोंडातून निघालं तेव्हा मला ते खोटं वाटलं नाही. आमच्या तोता तळ्याकाठी बारा महिने थंडी. इथला पुरुषमाणूस जाड लोकरीचा रुआना घालतो. चौकोनी घोंगडीच ती, मधोमध भोक, डोक्यातून घातली की झालं. तिला बाही नाही, काज नाही, बटण नाही. आमचे यजमान, पास्तोर, लग्नाचा दिवस सोडला तर बटणं लावून कुठे गेलेच नव्हते, मग त्यांना बटणांचा त्रास कसला असणार? रुआना मी घालते आणि त्यांचे हात आत नुसते लोंबत असतात, हे काही बाईंनी विचारलं नव्हतं.

"जेवताना सुरी-काटा धरतात?"

"सुरी लागतच नाही." आमच्याकडे सकाळी सूप, दुपारी सूप, रात्री सूप. बटाटा, भरडलेले गहू आणि वर आमच्याच शेतातली कांद्याची पात. कापायचं काय त्यात?

"लिहिणं?"

"पूर्वीइतकंच." पूर्वीही सहीपलीकडे त्यांनी कधी काही लिहिलं नव्हतं.

"जिना चढताना?"

"कधीच अडचण आली नाही." घर एकमजली. अख्ख्या आळीत पायऱ्या म्हणाल तर फक्त चर्चला, आणि तिथे त्यांना चौघं मिळून उचलतात.

असे बारा प्रश्न. बोलणं, लाळ, गिळणं, लिहिणं, सुरी, कपडे, अंथरुणात कूस बदलणं, चालणं, जिना, आणि तीन श्वासाचे. प्रत्येकाला जास्तीत जास्त चार गुण. धडधाकट माणूस म्हणजे अठ्ठेचाळीस. पास्तोरना प्रयोगाची सुई दिली तेव्हा ते छत्तीसवर होते. पाचव्या महिन्यात, माझ्या उत्तरांवरून, पस्तीस. डॉक्टरबाईंचा आवाज असा काही खुलला म्हणता! मला वाटलं, चला, एका शिकल्यासवरल्या पोरीचा दिवस आपण चांगला केला.

तुम्ही म्हणाल, बाई वेडी की काय. वेडी नाही मी. पण आमच्याकडे कुणी "कसं काय?" विचारलं की "बरंय, देवाची कृपा" एवढंच म्हणायचं असतं. माझी आजी शेवटच्या घटका मोजत होती. पाद्री आले, कसं वाटतंय म्हणाले. तर म्हणते कशी, "बरंय पाद्री, देवाची कृपा, तुम्ही बसा ना." आणि तासाभरात गेली. त्या घरात मी वाढले. त्यात इतकी मोठी डॉक्टर, राजधानीतून स्वतः फोन करते, आमची चौकशी करते, तिला काय आंबट तोंडाने उत्तर द्यायचं? आम्हाला नाही जमत ते.

दुखण्याची सुरुवात मैदानावर झाली. रविवारी आमचे पुरुष तेहो खेळतात. लोखंडी चकती लांबून फेकायची, मातीच्या पेटीत फटाक्याच्या दारूच्या पुड्या ठेवलेल्या असतात, नेम लागला की धडाम. पास्तोरांचा नेम चार गावांत नावाजलेला. आणि एका रविवारपासून चकती पेटीच्या अलीकडेच पडायला लागली. मित्रांनी काय केलं? ब्र न काढता पेटी दोन पावलं पुढे आणली. पुढच्या महिन्यात आणखी दोन. पास्तोरांनीही पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. मग शेतात कांद्याच्या जुड्या बांधताना दोरी अंगठ्यातून सुटायला लागली, आणि तिथे मात्र कुणाला काही पुढे आणता येईना.

दुखण्याचं नाव कळायला वर्ष गेलं. मोटर न्यूरॉनचा आजार. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरतात, मग स्नायू वाळतात, डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत. औषध नाही. म्हणजे थोडंफार लांबवणारं आहे, बरं करणारं नाही. मग कुणीतरी राजधानीतल्या, बोगोटाच्या एका इस्पितळाचं सांगितलं. तिथे पंधरा जणांवर मूळपेशींचा प्रयोग चालला होता. कमरेच्या हाडातून मज्जा काढायची, तिच्यातल्या मूळपेशी प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवायच्या आणि सुईने पाठीच्या कण्यात सोडायच्या.

डॉक्टर इल्वा, त्याच आमच्या फोनवाल्या, तेव्हा तोंडावर म्हणाल्या होत्या, "सेन्योरा एर्मिंदा, नीट ऐका. याने माणूस बरा होतो असं मी म्हणत नाहीये. या पेशी उरलेल्या नसांना थोडे दिवस तरी वाचवतात का, एवढंच आम्हाला बघायचंय. कदाचित काहीच होणार नाही." किती साफ बोलल्या! आणि मी काय ऐकलं? 'बरा होतो' हे दोन शब्द ऐकले. बाकीचं कुठे गेलं देव जाणे.

तिथल्याच बाकावर नोएमी भेटली. दुइतामा गावातली मास्तरीण, पन्नाशीची, लग्न न केलेली, चष्मा दोरीला बांधलेला. तिचा धाकटा भाऊ औदियास, बसचा ड्रायव्हर, त्यालाही हेच दुखणं आणि त्यालाही त्याच आठवड्यात सुई. नोएमी वहीत सगळं लिहायची. घास किती, खोकला किती वेळा, पाणी सांडलं का. औदियास हसायचा. "ताई माझ्या मरणाचाही गृहपाठ आधीच तपासून ठेवेल," असं म्हणायचा, आणि ती त्याच्या डोक्यात वही मारायची. माझी तिची गट्टी जमली. निघताना एकमेकींचे नंबर घेतले.

पुढे सहा-सहा तासांचा घाट पास्तोरना झेपेना. बाई म्हणाल्या, ठीक आहे, दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी मी फोन करीन, वर्ष पुरं झालं की या. इथून माझी उत्तरं सुरू झाली.

पहिले काही महिने मी आडवळणाने खरंच बोलत होते असं धरून चाला. सहाव्या महिन्यापासून मात्र मला पक्कं कळत होतं. "कूस बदलतात?" "बदलतात की." कोण बदलतं? मी. आमची खाट अरुंद, मी वळले की त्यांनाही ओढून वळवते. एका वाटीभर सुपाला दोन तास लागतात, मी दाणा न् दाणा चेचते, हनुवटी खाली धरते, तरी मध्येच ठसका लागून ते निळे पडतात. फोनवर काय? "सगळं खातात, देवाची कृपा." मी म्हणजेच त्यांचे हात झाले होते, आणि माझ्या हातांचे गुण मी त्यांच्या नावावर लावत होते.

आणि एक सांगू? गोड लागायचं मला ते. "सेन्योरा, पंधरांमध्ये तुमचे पास्तोर सगळ्यात चांगले आहेत." एकदा फोन ठेवून मी आरशासमोर जाऊन उभी राहिले. सत्तेचाळीस वर्षांत मी कशातच पहिली आले नव्हते.

तो पहिला नंबर मीच नोएमीला सांगितला. दुसरं कोण सांगणार! तिचा औदियास तेव्हा अठ्ठावीसवर आला होता.

"तुम्ही काय करता हो त्यांच्यासाठी?" तिने विचारलं. "काय खायला घालता?"

इथे गप्प बसायचं की नाही? पण नाही. मी सांगत सुटले. गव्हाचं सूप असं करा, लसूण ठेचून घाला, संध्याकाळी मेंढीच्या चरबीने पाय चोळा, रोज थोडं चालवा, लाड करू नका. ती लिहून घेत होती, पेनाचा आवाज मला ऐकू येत होता. मास्तरणीला मी धडे देत होते!

"डॉक्टर म्हणतात, गिळणं कठीण होत चाललंय, पोटातून नळी बसवून घ्या," ती म्हणाली. "तुम्ही बसवली?"

"छे! आमचे सगळं तोंडाने खातात."

"मग आम्हीही थांबतो," ती म्हणाली. "मीच कुठेतरी कमी पडत असेन."

अकराव्या महिन्यात बाईंनी बातमी दिली. पेशींची दुसरी मात्रा देणार होते, पण सगळ्यांना नाही. ज्यांचे गुण तीसच्या वर टिकलेत, त्यांनाच. "तुमचे पास्तोर नक्की," त्या म्हणाल्या. "येत्या मंगळवारी शेवटचे बारा प्रश्न, मग तारीख देते."

पास्तोरना सांगितलं तर डोळे चमकले त्यांचे. कितीतरी दिवसांनी. बोलणं आता जड झालंय, तोंडात ओला पाव धरून बोलावं तसं येतं, पण मला कळतं. "पहिली... कमी पडली," ते म्हणाले. "दुसऱ्याने... अंगठा तरी येईल. जुडी बांधीन." आमच्याकडे नवरा-बायको एकमेकांना अहोजाहो करतात, भांडतानासुद्धा. "तुम्ही बघाच," ते म्हणाले. आणि मी मनात हिशेब मांडला होता. तिथे पोचल्यावर दिसेल डॉक्टरांना खरं काय ते, पण दारात आलेल्या आजारी माणसाला परत पाठवायचं कुणाच्या जिवावर येईल? आमच्याकडे तरी कुणी पाठवणार नाही.

शनिवारी दुपारी नोएमीचा फोन आला. मी अंगणात कांदे सोलत होते. आवाज ओळखू येईना तिचा.

"औदियासला ठसका लागला, सूप छातीत गेलं," ती म्हणाली. "न्यूमोनिया झालाय. चार दिवस इस्पितळात आहे, श्वासाचं यंत्र लावलंय."

"अगं बाई! पण मग—"

"सेन्योरा एर्मिंदा, माझ्याकडून सुपात काही चुकलं का? तुम्ही गहू किती वेळ शिजवता? मला परत एकदा सांगता? मी लिहून घेते."

मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे तोडलाच. कांद्याच्या ढिगाजवळ तशीच बसले आणि स्वतःला जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या दिल्या. माझ्या सुपाची कृती विचारत होती ती! भाऊ यंत्रावर, आणि ही मला विचारते, माझं काय चुकलं.

आत जाऊन पास्तोरना सगळं सांगितलं. सगळं, बटणांपासून. मला वाटलं होतं, निदान थोडंफार त्यांना ठाऊक असेल. नव्हतं. फोन मी कुंपणाजवळ जाऊन घ्यायची, घरात आवाज तुटतो म्हणून. मी येऊन सांगायची ते एवढंच, पस्तीस, चौतीस, चौतीस. त्यांनी काय धरलं होतं माहीत आहे? की दुखणं खरंच थांबलंय, डॉक्टर सांगतात म्हणजे थांबलंयच, आणि हात उचलत नाही ते आपणच आळस करतोय म्हणून. रोज मी शेतावर गेले की ते भिंतीला टेकून बोट हलवायचा प्रयत्न करायचे आणि स्वतःवर चिडायचे. वर्षभर. हे त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं, अर्धा तास लागला सांगायला, आणि मी त्यांच्या पायावर डोकं ठेवून रडले.

"मंगळवारी खरं सांगते," मी म्हटलं.

"नाही."

"अहो, पण—"

"सुई... जाईल." ते थांबले, श्वास घेतला. "सुई घेऊ. मग सांगा."

"तोवर ती नोएमी माझ्या सुपावरच भरवसा ठेवील, तिच्या भावाचं काय?"

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. तेवढं मात्र त्यांना अजून करता येतं. रविवार गेला, सोमवार गेला. मी भरवलं, पुसलं, कूस वळवली. एक शब्द बोलले नाहीत. रागावले होते आणि त्यांचा राग रास्त होता. मला काय, मी धडधाकट. सुई गेली तर त्यांची जाणार होती. मी मनात दहादा ठरवलं की सुई घेऊ, मग सांगू, आणि दहादा तो प्रश्न कानात यायचा, गहू किती वेळ शिजवता.

मंगळवारी दहाला फोन वाजला. मी कुंपणाकडे गेले नाही. खिडकी उघडली, फोन उशीजवळच्या तिच्या चौकटीत ठेवला, आवाज मोठा केला. पास्तोर माझ्याकडे बघत राहिले.

"कसे आहेत सेन्योर पास्तोर?"

"बरे आहेत, देवाची—" आलंच तोंडात! जीभच चावली मी. "बरे नाहीत, डॉक्टरबाई. अजिबात बरे नाहीत. तुम्ही प्रश्न विचारा, आज मी नीट सांगते. आजवर नीट सांगितलं नाही."

मग बाई हळू आवाजात म्हणाल्या, "बोलणं?"

"मला कळतं. दुसऱ्याला निम्मं कळतं. दोन."

लाळ दोन. गिळणं दोन, ठसक्याचंही सांगितलं. लिहिणं शून्य. सुरी शून्य. कपडे शून्य, रुआना मी घालते. प्रत्येक शून्य म्हणताना माझा आवाज बारीक होत होता. पास्तोरांकडे बघायची हिंमत नव्हती. कूस बदलणं एक, तेही मी ओढल्यावर. चालणं एक, दोघांनी धरलं तर खाटेपासून खुर्चीपर्यंत.

"जिना?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. "घरात... जिनाच... नाही."

डॉक्टरबाईंनी विचारलं, "सेन्योर पास्तोर, तुम्ही आहात तिथे?"

"आहे." त्यांनी दम घेतला. मान माझ्याकडे होती, डोळ्यांत पाणी होतं. "शून्य लिहा."

श्वासाचे तीन प्रश्न त्यांनीच सोडवले. बसल्यावर तीन. आडवं पडल्यावर दोन, उशांशिवाय झोपता येत नाही. श्वासाचं यंत्र नाहीच घरात, म्हणून तिथे चार. मला मध्ये बोलू दिलं नाही.

"सतरा," बाई म्हणाल्या. मग कागद चाळल्याचा आवाज. मला वाटलं, आता झाडणार. झाडलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या म्हणाल्या, "गेल्या आठवड्यात मी तुमचा आकडा सगळ्या मोठ्या डॉक्टरांसमोर वाचून दाखवला. चौतीस म्हणून. बघा, निदान एकाच्या बाबतीत तरी दुखणं थांबलंय म्हणून." मग म्हणाल्या, "मी एकदा तरी तुमच्या घरी यायला हवं होतं. घरात जिना आहे की नाही, एवढंही मला माहीत नव्हतं."

"आणि दुसरी सुई?" मी विचारलं. उत्तर माहीत असून विचारलं.

"नाही, सेन्योरा."

पास्तोरांनी डोळे मिटले. बाई बोलत राहिल्या. नळीची तारीख देते म्हणाल्या, झोपताना लावायचं श्वासाचं यंत्र पाठवते म्हणाल्या, हे सगळं सहा महिन्यांपूर्वीच मिळालं असतं. मी हो हो म्हणत होते. पहिल्या सुईने काही झालं होतं की नव्हतं, तेही आता कुणाला कळणार नाही, कारण मधले सगळे आकडे माझे होते, त्यांचे नव्हते.

फोन बंद झाल्यावर मी खाटेच्या कडेला बसले. म्हटलं, चिडा माझ्यावर, बोला काहीतरी.

"बोट... माझं... आळशी नव्हतं," ते म्हणाले.

"नव्हतं हो. कधीच नव्हतं."

"तिला... फोन लावा."

नोएमीने पहिल्या घंटेलाच उचलला. आधी मी औदियासचं विचारलं. यंत्र काढलं होतं, नळी बसवली होती, ताप उतरला होता. अजून इस्पितळातच होता, पण कालच नर्सच्या बुटांवरून काहीतरी टवाळी केली म्हणे. मग मी सांगितलं. सुपाचं, जिन्याचं, बटणांचं. सगळं सांगून झाल्यावर म्हटलं, "तुमचं सुपात काही चुकलं नव्हतं. खोटी मी होते."

मला वाटलं, फोन आपटणार. मग तिने एवढंच विचारलं, "खरा आकडा किती?"

"सतरा."

वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"आमचा एकवीस आहे," नोएमी म्हणाली. आणि रडायला लागली. लहान पोर रडतं तशी, हुंदके देऊन. मध्येच थांबून म्हणाली, "मला माफ करा हो. तुमच्या घरी हे असं, आणि मला इतकं बरं वाटतंय."

"वाटू दे," मी म्हटलं. पास्तोर ऐकत होते. मी फोन त्यांच्या कानाशी धरला.